सव्वीस भाकरींचा अल्बम

दैवशालाबाई गेल्याची खबर घरात सगळ्यात आधी मी दिली. मला स्वतःला काही कळलं नव्हतं, तरी दिली. शुक्रवारची दुपार होती. बाईंचे भाऊ तातेराव बदनापूरहून आले आणि अंगणात नुसते उभे राहिले. त्यांच्या खिशात बाईंचा फोन होता. तो फोन जवळ आला की मी नेहमी बोलतो, तसाच मोठ्याने बोललो, "कनेक्टेड!"

घरधनी साहेबराव आतून म्हणाले, "आली का? एवढ्या जल्दी?"

फोन आला होता, बाई आल्या नव्हत्या. सकाळी भावाकडे गेल्या होत्या. तिथेच त्यांच्या छातीत कळ आली.

मित्रांनो, मी एक ब्लूटूथ स्पीकर आहे, आता जुना झालेला. तांब्याएवढा उंच. मूळचा काळा, पण पिठामुळे करडा दिसतो. मला स्वतःचे बोल तीनच येतात, 'पॉवर ऑन', 'कनेक्टेड' आणि 'बॅटरी लो'. बाकी सगळं दुसऱ्याचं वाजवतो. माझा कारखाना मला आठवत नाही. खोक्यातला अंधार तेवढा आठवतो. या घरच्या लेकीने, अर्पिताने, मला जालन्याच्या दुकानातून आईसाठी आणलं आणि वडीगोद्रीच्या या घरात पिठाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलं.

बाई हायवेवरच्या ढाब्याला भाकरी करून द्यायच्या. रोज सकाळी साठ-सत्तर. एकदा अर्पिताच्या फोनवरचं रॉकचं गाणं चुकून माझ्यातून वाजलं. गिटार किंचाळत होतं, गाणारा ओरडत होता. अर्पिता बंद करायला धावली. बाई म्हणाल्या, "राहू दे गं. ह्यो पोरगा रडून राह्यला का भांडून राह्यला, तेवढं तरी कळू दे."

ते कळायला त्यांना अख्खा अल्बम लागला. मग दुसरा लावला. मग त्या थांबल्याच नाहीत.

अर्पिताने त्यांना आपल्या ग्रुपमध्ये घेतलं. 'कडक ऐका' असं ग्रुपचं नाव. नऊ जण. नवीन रॉक अल्बम ऐकायचे आणि एकमेकांना सांगायचे. दर आयतवारी बाई फोनमध्ये बोलून आपली शिफारस पाठवायच्या. इंग्रजी नावं त्यांच्या तोंडात बसत नसत. म्हणून कव्हरवर जे चित्र असेल तेच नाव. खरं नाव अर्पिता खाली लिहायची. आणि अल्बमची लांबी मिनिटांत नसायची, भाकरींत असायची.

"निळ्या कुत्र्याचा अल्बम ऐका. औंदाच आलाय. वीस भाकरींचा हाय. पहिल्या तीन भाकरी गिटार निसतं कुरकुरतं, बंद करू नका. चौथीला ड्रम येतो. मंग भाकर आपोआप गोल होती."

"पत्र्याच्या शेडचा अल्बम, चौदा भाकरींचा. बाई गाती. आवाज बिलकुल घासलेल्या तव्यावानी. घरात कोणासंग भांडण चालू असंल तर ऐकू नका, वाढंल."

अंबडला कोर्टासमोर टायपिंग करणारी प्रीती तिकडून विचारायची, "मावशी, मी पोळ्या करते. मला किती लागतील?"

"पोळ्यावाल्यांनी भजनं ऐकावी," बाई म्हणायच्या, आणि बाकीचे सगळे हसल्याची चित्रं पाठवायचे.

माझं फार कौतुक व्हायचं. रोज फडक्याने पुसायच्या. एकट्या साहेबरावांना मात्र मी नको होतो. मी सुरू झालो की ते चप्पल घालायचे. "कालवा बंद कर. म्हशीनं दूध चोरलंय तुझ्या गिटारापाई." बाई म्हणायच्या, "म्हशीला विचारलं का तुम्ही? तिला आवडतंय." तोवर साहेबराव गोठ्यात पोचलेले असत. पाच वर्षांत त्यांनी एक अल्बम पुरता ऐकला नाही.

जाण्याआधीच्या बुधवारी बाईंनी ग्रुपवर सांगितलं, "औंदाचा सगळ्यात भारी अल्बम घावला. सव्वीस भाकरींचा. एकोणिसाव्या भाकरीला माझा हात थांबला, भाकर जळाली तरी हलला न्हाई. नाव आयतवारी सांगते. तवर राहा उपाशी."

तो आयतवार आला, तेव्हा घरात माणसं बसली होती.

तेरावं झाल्यावर प्रीतीने भीत भीत साहेबरावांना विचारलं, "काका, मावशी कोणता अल्बम म्हणत होत्या?" त्यांना माहीत नव्हतं. अर्पिताने बाईंचा फोन उघडला. बाईंच्या जुन्या शिफारशींवरून तिने भाकरीला दोन मिनिटं असा हिशोब धरला आणि त्या आठवड्यात वाजलेले अल्बम चाळले. बावन्न मिनिटांच्या आसपासचे दोन उरले. एकाच्या कव्हरवर पाण्याची टाकी, दुसऱ्याच्या कव्हरवर झाकून ठेवलेली गाडी.

"दोन्ही पाठवून देऊ, बाबा. चालतंय."

"तिनं एकच म्हणलं होतं," साहेबराव म्हणाले. "दुसरा तिच्या नावावर घालायचा न्हाई."

अर्पिता नोकरीच्या गावी परत गेली. त्या दिवसापासून साहेबराव एका जागी बसत नाहीत. मला घेऊन गोठ्यात जातात, तिथून ओट्यावर, ओट्यावरून परत फळीपाशी. आज टाकी, उद्या गाडी. शेवटी त्यांना वाटलं, हातात पीठ असल्याशिवाय हे कळायचं नाही. त्यांनी काठवट घेतली. पहिली भाकर फाटली. दुसरी तव्यावर जाताना हातातच मोडली. शेजारच्या सोनूबाई दारातून म्हणाल्या, "भाऊजी, भाकर करून राह्यले का बांध घालून राह्यले?" तरी ते थापत राहिले. त्यांच्या अख्ख्या अल्बमला आठच भाकरी झाल्या. एकोणिसावी येणार कुठून?

मित्रांनो, तो अल्बम कोणता हे मला माहीत आहे. बुधवारी मीच तो वाजवत होतो. भाकर थापल्याचा आवाज कोणत्या गाण्यात थांबला, ते मी ऐकलं आहे. पण माझे बोल तीनच.

काल सकाळी टाकीचा अल्बम चालू होता. सहावी भाकर तव्यावर होती. त्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि गाणारी एकटी उरते. साहेबरावांचा हात थांबला. भाकर जळाली, धूर झाला, तरी हलले नाहीत. हेच ते, असं मी ओरडलो असतो. मला फक्त "बॅटरी लो" म्हणता आलं.

त्यांनी पिठाच्या बोटाने फोन उचलला, तोंडाजवळ धरला. "मी साहेबराव बोलतो. दैवशालानं सांगितलेला..." एवढं बोलून त्यांनी ते पुसून टाकलं. "भाकर माझ्या आळसानंच जळाली असंल. अजून एकदा गाडीचा बघतो," ते मला म्हणाले आणि त्यांनी मला चार्जिंगला लावलं.

मित्रांनो, माझी जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करा. मला पिठाजवळ ठेवू नका. आणि घरात कोणी काही ऐकत असेल, तर चप्पल घालण्याआधी दाराशी थांबून विचारा, "काय ऐकून राह्यली?" नाव त्याच वेळी कळतं.

आज पुन्हा आयतवार आहे. ग्रुपवर अल्बमचं नाव सांगायचं राहिलं आहे.