कोपऱ्यातल्या बोल्टचे आटे

मेकॅनिकने जुन्या गाडीच्या इंजिनच्या ब्लॉकमधल्या कोपऱ्यातल्या भोकातून गंजाचा भुगा उकरला आणि पडदेवालीसमोर धरला. "ताई, आटेच उरले नाहीत. बोल्ट बसणार कशात? ब्लॉक भंगारात घाला."

"भंगारात नाही घालायचा," ती म्हणाली. तो खांदे उडवून निघून गेला.

पडदे शिवायचे आणि घरोघर जाऊन लावून द्यायचे, हा तिचा धंदा. शिडी, दांडे, कापडाचे तागे, सगळं ह्या जुन्या गाडीत मावायचं. गाडीवाचून तिचे हात बांधल्यासारखे झाले होते.

फिटर तर घरातच होता. तिचा धाकटा दीर. तीस वर्षं लोखंडाशी झटापट केलेला माणूस. पण गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला, आणि त्याने घरामागच्या कामाच्या शेडमध्ये पाऊल टाकणंच सोडलं.

"भाऊजी, तुम्ही नुसतं सांगा. करते मी."

"वहिनी, हे शिवणयंत्र नव्हे. एक चूक झाली की ब्लॉक कायमचा गेला." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून पडला.

मग तिनेच कंबर कसली. दिराच्या पेटीतलं ड्रिल काढलं आणि आधी एका जाड लोखंडी तुकड्यावर सराव सुरू केला. ड्रिल असं किंचाळलं की दातांना कळ आली.

"अहो, कापत नाहीये ते, घासतंय! वेग कमी करा, दाब वाढवा!"

दीर काठी टेकत दारात उभा होता. पायात एकच चप्पल.

तिने वेग कमी केला. ड्रिल घोगरं गुरगुरलं आणि लोखंडाचा काळा कीस पडू लागला.

"हां. आता बरं."

त्याने स्टूल ओढून घेतलं. सराव पुरे झाल्यावर ती ब्लॉककडे वळली, तेव्हा कीस आत पडू नये म्हणून त्याने सिलिंडरमध्ये चिंध्या कोंबायला लावल्या. ड्रिलवर खोलीच्या खुणेची चिकटपट्टी गुंडाळायला लावली. "पट्टीच्या खाली गेलात तर भोक ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेत उतरेल. मग देवही वाचवणार नाही."

भोक सरळ मोठं झालं. मग आटे पाडायचा टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, वर तेलाचा थेंब. तासभर तेच. मध्येच टॅप अडला. तिने जोर लावायला दंड ताणले.

"थांबा! मोडेल!" त्याने डावा हात तिच्या हातावर ठेवला, डोळे मिटले, आणि तिचा हात हलकेच उलटा फिरवला. अडकलेला कीस कुरकुरत सुटला. दोघांनीही श्वास सोडला.

नव्या आट्यांत तारेचं घट्ट वेटोळं फिरवून बसवलं. आता जुन्याच मापाचा बोल्ट त्यात बसणार होता. दुसऱ्या दिवशी ब्लॉकवर हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, चढलं. ठरावीक ताणाला टक् वाजणाऱ्या पान्याने तिने मधून बाहेर, ठरल्या क्रमाने त्याचे नऊ बोल्ट आवळले. राहिला कोपऱ्यातला.

"द्या इकडे," दीर म्हणाला.

डाव्या हाताला सवय नव्हती. पाना दोनदा घसरला, एकदा बोटाचं साल निघालं. ती मदतीला सरसावली तर त्याने नुसती मान हलवली. बोल्ट फिरत राहिला. आटे सुटले की काय, म्हणून ती वाकून बघू लागली. आणि टक् वाजलं.

संध्याकाळपर्यंत बाकीची जोडणी होऊन पाणीही भरून झालं. तिने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, मग एका लयीत धडधडू लागलं. दिराने वाकून हेड आणि ब्लॉकच्या जोडाच्या कडेने बोट फिरवलं. कोरडं.

"मोठ्या चढावर नेऊ," असं म्हणत तो स्वतःच दार उघडून शेजारी बसला. "तिथं खरं काय ते कळेल."