भादर पंप आणि दुपारची झोप

राजकोटमध्ये मरायचंच असेल तर माणसाने दुपारी एकच्या आधी मरावं, नाहीतर चारनंतर. मधल्या वेळात कुणी खांदा द्यायला येणार नाही. जेवण होतं, ताकाचा शेवटचा घोट घेतला जातो, शटर खाली ओढली जातात आणि अख्खं गाव आडवं होतं. त्या झोपेच्या आड येणाऱ्याला इथे माफी नाही.

रसिलाबेननी या घरात आल्यापासून सासूच्या तोंडाचा पट्टा सोसला, दोन मुलं वाढवली, नळाला पाणी नसलेले उन्हाळे काढले, पण दुपारची झोप कधी सोडली नव्हती. ती त्यांची स्वतःची एवढी एकच गोष्ट होती. आणि ती त्यांच्या नवऱ्याने एका शेअरपायी घालवली.

त्यांचे यजमान बटुकभाई. शिलाई मशिनच्या सुट्या भागांचं दुकान मुलाच्या हवाली करून हल्ली ते सकाळी नौतमच्या कचेरीत जाऊन बसत. नौतम शेअरदलाल. गल्लीतले चार-पाच म्हातारे त्याच्याकडे पडद्यासमोर चहा पीत बसतात आणि शेअर कमी, एकमेकांना जास्त तोलतात. तिथे बसून बटुकभाईंनी भादर पंप नावाच्या, फारसं कुणी न ऐकलेल्या छोट्या कंपनीचे शेअर एकशे चाळीसला घेतले. घेतले मात्र, आणि जिन्यावरून तांब्या घरंगळावा तसा भाव खाली येत राहिला. शेवटी साठाच्या आसपास येऊन तो खोकत पडला.

आजारी शेअर ओळखायची नौतमची एक रीत होती. मागच्या दोनशे दिवसांचे बाजार बंद होतानाचे भाव घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची. रोज तसं करत गेलं की पडद्यावर एक रेघ उमटते. भाव रेघेच्या वर असेल तर शेअर धडधाकट, खाली असेल तर आजारी. भादरची रेघ होती एक्याण्णववर आणि भाव बासष्ट.

नौतम म्हणाला, "काका, हा नुसता आजारी नाही, अंथरुणाला खिळलाय. काढून टाका."

लाभूभाई हसले. लाभूभाई म्हणजे समोरच्या घरातले, बटुकभाईंचे शाळेपासूनचे सोबती, त्यामुळे त्यांचं हसणं जास्तच लागलं. बटुकभाईंचा स्वभाव मुळात पडलो तरी नाक वर असा. ते तडक उठले, पडद्याच्या वर लावलेल्या खोडियार आईच्या तसबिरीसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "आई, भादर त्या रेघेच्या वर बंद होईपर्यंत मी दुपारी झोपणार नाही."

नवसासाठी लोक गूळ सोडतात, पायातली चप्पल सोडतात. खुद्द लाभूभाईंनी मुलाच्या कॅनडाच्या व्हिसासाठी जिलेबी सोडली होती. पण दुपारची झोप? नौतमने घाईघाईने आणखी चहा मागवला, पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

नवस नवऱ्याचा आणि उपास बायकोचा, असं ते प्रकरण झालं. एक वाजला की बटुकभाई झोपाळ्यावर बसत आणि पायाने रेटा देत. कड्या करकर वाजायच्या. रसिलाबेन आतल्या खोलीत कानावर उशी घेऊन पडत, डोळा लागतो न लागतो तोच बाहेरून आवाज यायचा, "अगं, मेथी कुठल्या डब्यात आहे?" मेथी कशाला हवी होती, ते देव जाणे. मग बटुकभाईंनी डबे लावायला घेतले आणि मूगडाळ तूरडाळीत ओतून ठेवली. मग बोलायला कुणी नाही म्हणून लाभूभाईंच्या दाराची घंटा दाबू लागले. लाभूभाईंनी तिसऱ्या दिवशी घंटेची तारच काढून टाकली. त्यानंतर बटुकभाई नौतमला फोन करून भाव विचारायला लागले, तो भाव हातातल्या फोनवर दिसत असूनसुद्धा.

रसिलाबेनच्या नाकी नऊ आले. वरणात मीठ दोनदा पडलं, देवाला लावायची वात त्यांनी शेगडीवर धरली. शेवटी एका सकाळी, नवरा भाजी आणायला गेलेला पाहून, त्या स्वतः नौतमच्या कचेरीत गेल्या आणि त्या रेघेचं काय करता येईल ते विचारलं.

नौतमने समजावलं, की भाव चढायची वाट बघायला नको, रेघच खाली येतेय. जुने चढे दिवस सरासरीतून रोज एकेक करून गळतायत. भाव आहे तिथेच पडून राहिला तरी एक दिवस रेघ त्याच्या डोक्यावरून खाली उतरेल.

"म्हणजे तो बरा न होताच बरा झालेला दिसेल?"

"तसंच."

"किती दिवस लागतील?"

"तीन-चार महिने."

"तोवर माझंच बारावं होईल. आणि दोनशेच दिवस का? कुणी ठरवलं?"

"जगाची रीत आहे, काकी. पन्नासची काढा, वीसची काढा. जितके दिवस कमी, तितकी रेघ भावाला चिकटून चालते."

"वीसची आत्ता कुठे आहे?"

नौतमने पाहिलं. "साठावर."

"आणि भाव बासष्ट."

"काकी, काकांनी आईसमोर नवस केलाय."

"मी आईला कुठे हात लावतेय? मी फोनला लावतेय."

फोनमध्ये दिवसांचा तो आकडा कुठे असतो हे नौतमने निमूट दाखवलं, कारण दुपारचे फोन त्यालाही असह्य झाले होते. दुसऱ्या दिवशी बटुकभाई आंघोळीला गेले, तेवढ्यात रसिलाबेननी त्यांच्या फोनवरच्या दोनशेतलं एक शून्य पुसलं.

दुपारी साडेतीनला झोपाळा थांबला आणि बटुकभाईंनी घर डोक्यावर घेतलं. भादर वर आला, भादर रेघेच्या वर बंद झाला. संध्याकाळी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. नौतमने सगळ्यांना शून्याचं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि सगळे इतके मनापासून आनंदले की खोटं वाटूच नये. लाभूभाईंनी तर मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी एक वाजता बटुकभाई आडवे झाले आणि घोरायला लागले. रसिलाबेननी ते घोरणं भजनासारखं ऐकलं आणि त्यातच त्या झोपी गेल्या.

सुखाचे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी चारच्या चहाला बटुकभाई बशीत फुंकर घालत म्हणाले, "भादर आता धडधाकट आहे. वर आला की घ्यायचा, हा नियमच आहे. पोस्टातली ठेव मोकळी झालीय ना, उद्या दुपारी दोनचा मुहूर्त चांगला आहे. सगळी त्यातच घालतो."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ती ठेव दोघांच्या म्हातारपणाची होती. रात्री रसिलाबेन अंथरुणावर हिशेब करत राहिल्या. खरं सांगावं तर झोप जाणार, न सांगावं तर ठेव. दुसऱ्या दिवशी जेवण झालं, बटुकभाई फोन घेऊन झोपाळ्यावर बसले, घड्याळाचा काटा दोनकडे सरकला, तेव्हा रसिलाबेनना राहवेना.

"थांबा. ती रेघ खोटी आहे. मी एक शून्य पुसलंय."

झोपाळा चालूच राहिला. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"जन्मभर दुकान चालवलंय मी. दोनशे दिवसांनी मिळून बनलेली रेघ एका रात्रीत एक्याण्णववरून साठावर येते होय? पैशापैशाने सरकते ती. मला त्याच दिवशी दिसलं."

"मग पेढे कशाचे वाटलेत?"

"झोप फार आली होती गं."

"आणि ठेव?"

"ठेवीला हात कोण लावतंय? तू किती दिवस गप्प बसतेस, तेवढं बघायचं होतं."

"अहो, पण आईसमोरचा नवस?"

"शून्य तू पुसलंस. आईचा काय असेल तो हिशेब तुझ्याशी," असं म्हणून बटुकभाई हसले, आणि रसिलाबेनच्या डोक्यात तिडीक गेली.

"मग विका तो मेला शेअर."

त्यांचं हसू मावळलं. विकणार नाही म्हणाले. बराच वेळ फोन उलटासुलटा करत राहिले आणि मग हळूच बोलले, की गावाकडच्या विहिरीवर वडिलांनी, बापूजींनी, भादरचाच पंप बसवला होता. दुष्काळाच्या साली शेजारच्यांचे पंप बंद पडले, तो एकटा चालला. रसिलाबेनना हे ठाऊक होतं. त्या विहिरीचं पाणी त्यांनी नवी नवरी असताना भरलं होतं. त्यांना नवऱ्याची कीव आली, पण झोप त्याहून जास्त आली होती.

"पंप चांगलाच होता," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पंप नाही घेतलात. कागद घेतलात. बापूजींनी बंद पडलेला पंप विहिरीवर ठेवला असता का?"

बटुकभाई आत जाऊन आडवे झाले. रसिलाबेन स्वयंपाकघरात गेल्या, फडताळातल्या खोडियार आईसमोर उभ्या राहिल्या आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आई, भादर विकला जाईपर्यंत मी दुपारी झोपणार नाही." मग येऊन झोपाळ्यावर बसल्या आणि पायाने रेटा दिला.

करकर सुरू झाली. आतून कूस बदलल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने रसिलाबेननी विचारलं, "अहो, मेथी कुठल्या डब्यात ठेवलीत?" त्यांनी दोन-चार झोके घेतले. "अहो, तूरडाळीतली मूगडाळ आज निवडायची का?" आणखी काही झोके. "अहो, लाभूभाई जागे असतील का?"

तीन वाजून गेल्यावर बटुकभाई विस्कटलेल्या केसांनी बाहेर आले. नौतमला झोपेतून उठवलं आणि म्हणाले, "भादर काढून टाक. हो, सगळे. आजच, बाजार बंद व्हायच्या आत." फोन ठेवून ते तसेच उभे राहिले. मग निरोप आला, तो त्यांनी वाचला आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "विकले."

झोपाळा थांबला. रसिलाबेन तिथेच कलंडल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

बटुकभाई थोडा वेळ त्यांच्याजवळ घुटमळले. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं. मग रसिलाबेनना चपलांचा आवाज ऐकू आला, फाटक वाजलं, आणि समोरच्या दाराशी बटुकभाई घंटा दाबत राहिले. लाभूभाईंनी तार अजून जोडलेली नव्हती. रसिलाबेनना ते ठाऊक होतं, पण सांगायचं तर उठावं लागलं असतं.