पश्चिमेची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे, आदिलाबादच्या सागाची. काचीगुड्यातल्या एकनाथरावांच्या घरात मला पश्चिमेच्या भिंतीत बसवले. माझ्या झडपांना तिरक्या लाकडी पट्ट्या आहेत. वारा आत येतो, ऊन बाहेरच अडते. चाळीस उन्हाळे मी हे काम बिनबोभाट केले. कौतुक म्हणाल, तर वर्षातून एकदा एकनाथरावांच्या पत्नी तारामतीबाई माझ्यावर तेलाचा हात फिरवायच्या.

एकनाथराव गेले. पुढे १९९५ साली त्यांचा मुलगा प्रमोद एका नव्या कंपनीत मोठ्या पगारावर लागला. तेव्हा जो तो अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवत होता. प्रमोद चिक्कडपल्लीच्या एका दुकानात गेला आणि तिथल्या एसीत बसून त्याने काळ्या काचेची खिडकी पसंत केली.

"आई, एसी लागला की तुझी खोली एकदम थंडगार," तो म्हणाला.

"हौ रे, पण करंट गेला तर?"

प्रमोद नुसता हसला. दत्तोबा सुताराने मला चौकटीसकट काढले आणि गच्चीवर टाकले. माझ्या जागी काळी काच बसली, एसीही लागला. माझ्यावर शिल्पा, म्हणजे प्रमोदची बायको, पापड वाळवू लागली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? जुन्या लाकडाचा व्यापारी मला बघूनही गेला होता.

मार्चमध्ये तारामतीबाई न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचे हाड मोडले. दीड महिना पलंगावरून हलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. एप्रिलात रोज दुपारी दोन-दोन तास वीज जाऊ लागली. एसी बंद, काच तापलेली. सरकती खिडकी निम्मीच उघडायची, आणि उघडली की ऊन थेट पलंगावर. शिल्पा ओल्या चादरी टांगून टांगून थकली. एका दुपारी तारामतीबाईंची शुद्ध हरपली.

निरोप मिळताच प्रमोद ऑफिसातून धावत आला. डॉक्टर येऊन गेले, बाई सावरल्या. भर तीनच्या उन्हात त्या खोलीत तो पहिल्यांदाच बसला होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

"एवढं तापतं इथं? आई, बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस, बेटा? काचेचा रंग तेवढा दाखवलास."

प्रमोदची मान खाली गेली. संध्याकाळीच त्याने दत्तोबाला बोलावले.

"साहेब, काच फेकू नका," दत्तोबा म्हणाला. "उत्तरेच्या खोलीत लावू, तिथं ऊन येत नाही, उजेड मिळेल. इथं ती गच्चीवरची जुनीच बसवा. मी तवाच सांगणार होतो, पण तुम्ही लई जल्दीत होते."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जागी परतले. आतल्या बाजूने दत्तोबाने साध्या काचेच्या झडपा जोडल्या. वीज असली की त्या लावतात. गारवा आत राहतो आणि एसी निम्मा वेळच चालवावा लागतो. वीज गेली की काच उघडतात, मग वाऱ्याचे काम माझ्याकडे.

मित्रांनो, घराला खिडकी निवडाल, तेव्हा दुकानात बसून निवडू नका. भर दुपारी त्याच भिंतीपाशी उभे राहा. आणि त्या खोलीत दिवसभर जो राहणार असेल, त्याला आधी विचारा. तारामतीबाईंना कुणी विचारावे, म्हणून त्यांना बेशुद्ध पडावे लागले.