पेट्रोलात पाणी कोणी घातलं?

मित्रांनो, मी एक जुना गवतकाप्या आहे. ढकलायला लांब दांडा, चार चाकं, पोटाखाली फिरणारं पातं आणि पाठीवर पेट्रोलचं लहानसं इंजिन, एवढाच माझा संसार. कारखान्यात मी पहिल्यांदा धडधडलो तेव्हा तपासणाऱ्या माणसाने माझ्या टाकीला कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "याचा आवाज खणखणीत आहे." तेवढं कौतुक पदरात घेऊन मी खोक्यात बसलो आणि हाडांच्या इस्पितळात येऊन पोहोचलो.

इस्पितळाच्या मागे मोठी हिरवळ होती. हातपाय मोडून आलेली माणसं बरी होऊ लागली की या हिरवळीवर पुन्हा चालायला शिकत. कोणी कुबड्या घेऊन, कोणी नर्सच्या खांद्यावर हात ठेवून. गवत बारीक असलं तर पाऊल कुठे पडतंय ते त्यांना दिसे, आणि ते बारीक ठेवणं हे माझं काम होतं. या कामाचा मला अभिमान होता, आणि अजूनही आहे.

मला चालवणाऱ्या माळ्याला सगळे 'थोरला' म्हणत, कारण त्याचा धाकटा भाऊही तिथेच कामाला होता. आई गेल्यावर थोरल्यानेच त्याला वाढवलं होतं. इस्पितळाच्या मागच्या दोन खोल्यांत थोरला, त्याची बायको आणि धाकटा असे तिघं राहत. बायको इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती आणि तिला सगळं इस्पितळ वहिनी म्हणे. धाकटा पाण्याचा पंप आणि कोठीची खोली सांभाळायचा. माझं पेट्रोल त्याच खोलीत कुलपात असे आणि किल्ली त्याच्या कमरेला.

थोरला मला जिवापाड जपायचा. काम झालं की प्लगची वायर काढून, मला कुशीवर कलंडवून, पोटाला चिकटलेलं ओलं गवत तो लाकडी पट्टीने खरवडायचा. तेलाची पातळी बघायचा. हवेच्या जाळीतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा. शेवटी तेलकट फडक्याने मला अंगभर पुसायचा, अगदी टाकीच्या झाकणापर्यंत. पाहुणे आले की मॅनेजरबाई मला दाखवून म्हणत, "मशीन जुनं आहे, पण आमच्या माळ्याने ते नव्यासारखं ठेवलंय."

धाकट्याचं मात्र माझ्याशी जमत नव्हतं. मी अर्ध्यावर आलो की तो चहा घेऊन यायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "दादा, हे धूड भंगारात दे आता. विजेवरचं मागवायला सांग बाईंना. तुझी कंबर गेली या मशीनपायी."

"कंबर माझी आहे. तुला काय त्रास?" थोरला म्हणे.

दोघं हसत. मला मात्र ते बोलणं सलायचं.

आणि एके दिवशी मी बंद पडलो. दोन पट्टे नीट कापले, तिसऱ्यात मला धाप लागली, दोन आचके आले आणि गप्प. थोरल्याने टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावून त्याने दोरी ओढली, तसा मी पहिल्या झटक्यात सुरू झालो. पुन्हा दोन पट्टे, पुन्हा तेच.

थोरल्याने सगळे उपाय केले. प्लग काढून त्यावरची काजळी काचकागदाने घासली. स्पंज धुऊन वाळवला. कार्बोरेटरची वाटी उघडून तळातला गाळ काढला. जुनं काळं तेल ओतून नवं भरलं. तरी माझं रडगाणं चालूच.

थोरला माझ्या टाकीला नाक लावून बसला होता. "पेट्रोलात पाणी आहे," तो पुटपुटला.

त्याने थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उन्हात धरलं. तळाशी पाण्याचा एक थेंब होता. तशी बरणी नुकतीच धुतलेली होती. तिच्या काठावरही दोनतीन थेंब होते. पण माणसाला जे बघायचं असतं तेच त्याला आधी दिसतं. त्याने बरणी रिकामी केली आणि कोठीच्या दाराकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून त्याची नजर बदलली. डब्यावर तो खडूने पेट्रोलच्या पातळीची खूण करू लागला. मला ठेवत त्या खोलीच्या दाराला, कोणी शिरलं तर कळावं म्हणून, आडवा दोरा बांधू लागला. कपडे धुणारी मावशी वाटेने गेली तरी मान वळवून तिच्या हातात काय आहे ते बघू लागला. गवताचे तुकडे तिच्या ओल्या चादरींवर उडत, त्यावरून ती पूर्वी भांडली होती. मग त्याच्या लक्षात आलं की मी बंद पडतो तेव्हा मावशी नसते. वॉर्डबॉय नसतो. असतो तो धाकटा, हातात चहाचा पेला घेऊन.

खरं तर तो रोज अर्ध्यावरच चहा आणायचा आणि दर दोन पट्ट्यांनी थांबणारा मी त्या वेळीही एकदा बंद पडायचोच. पण संशयाचं असंच असतं. एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा बसत नाही, मालकासारखा बसतो.

काही दिवसांनी धाकटा गावी, त्यांच्या सख्ख्या मावशीच्या घराची गळकी कौलं बदलायला गेला. किल्ली थोरल्याकडे आली. तो गेल्यावर मी एकदाही बंद पडलो नाही. थोरला प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी थांबून टाकी उघडायचा, वास घ्यायचा, झाकण नुसतं वर टेकवायचा आणि पुढे निघायचा. मी सुसाट चाललो. माझाही धाकट्यावरचा राग पक्का झाला. त्याला मी भंगारात हवा होतो ना.

धाकटा परत आला, किल्ली पुन्हा त्याच्या कमरेला गेली, थोरल्याने झाकण पूर्वीसारखं घट्ट बसवलं आणि मी पुन्हा बंद पडलो. गवत वाढत गेलं. एका सकाळी पायाचं ऑपरेशन झालेल्या एक निवृत्त बाई कुबड्यांवर चालत होत्या. गवतात बुडालेल्या पाण्याच्या पाइपात कुबडी अडकली आणि त्या पडल्या. हाड वाचलं, पण पुन्हा हिरवळीवर यायला त्या तयार होईनात.

मॅनेजरबाईंनी दोघा भावांना हिरवळीवरच बोलावलं. मी मध्ये उभा होतो.

"मशीनचं काय ते एकदा सांगा मला," बाई म्हणाल्या. "पेशंट पडायला लागले आता."

"मशीनमध्ये दोष नाही, बाई. पेट्रोलात पाणी घातलं जातंय."

"कोण घालतंय?"

थोरला खाली बघत म्हणाला, "किल्ली याच्याकडे असते."

धाकट्याला क्षणभर कळलंच नाही. "दादा, तू मला म्हणतोयस?"

"तू गेलास तेव्हा मशीन नीट चाललं. आलास आणि बंद पडलं. मी काय समजू?"

"मी पाणी कशाला घालीन?"

"भंगारात दे म्हणून मागे कोण लागलं होतं?"

"तुझी कंबर दुखते म्हणून म्हणत होतो," धाकटा म्हणाला. मग कमरेची किल्ली काढून त्याने माझ्या टाकीवर ठेवली आणि निघून गेला. दुपारी वहिनी जेवायला हाक मारायला गेली, तेव्हा त्याची पिशवी खुंटीवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्वतः पंपावर जाऊन पेट्रोल आणलं. आता संशयाला जागाच नव्हती, म्हणून त्याने झाकण घट्ट आवळलं आणि पुन्हा उघडून बघितलं नाही. दोन पट्टे झाले. तिसऱ्यात मला धाप लागली. मी गप्प झालो तेव्हा आसपास चिटपाखरू नव्हतं. थोरला हळूच गवतात बसला. मित्रांनो, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. ज्याच्यावर बोट ठेवायचं तो माणूसच आता तिथे नव्हता.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून तेलाचा नवा डबा घेऊन आली. "एवढं फोडून द्या. भावजी असते तर तुम्हाला त्रास दिला नसता," ती म्हणाली. धाकटा गेल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

थोरल्याने स्क्रू-ड्रायव्हरने डब्याला एक भोक पाडलं. वहिनीने डबा भांड्यावर कलता केला. धार आली, गचके खात बारीक झाली आणि थांबली.

"अहो, लक्ष कुठे आहे? एका भोकानं कधी तेल येतं का? वारा आत शिरायला दुसरं नको?"

थोरला डब्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला आणि माझं झाकण फिरवलं. सूंऽ करून हवा आत शिरली. हा आवाज त्याने कितीदा ऐकला असेल, पण ऐकताना त्याचं नाक पेट्रोलच्या वासाकडे असायचं. त्याने झाकण उन्हात धरलं. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, ते दिसतच नव्हतं. तेल आणि गवताची भुकटी यांचा कीट त्यात गच्च बसला होता. रोज प्रेमाने पुसताना तेलकट फडक्यानेच तो भरला होता.

"पिन आहे का?" त्याने विचारलं.

वहिनीने पिन दिली. भोक मोकळं झालं. मी सगळी हिरवळ न थांबता कापली, पण थोरल्याच्या तोंडावर आनंद नव्हता. हातपाय न धुताच तो मॅनेजरबाईंकडे गेला आणि डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळ्यांसमोर म्हणाला, "पाणी नव्हतंच. झाकणाचं भोक बुजलं होतं. माझ्या भावाचा काही दोष नाही."

धाकट्याला निरोप गेले, पण तो आला नाही. नदीच्या धक्क्यावर नावांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये त्याला काम मिळालं होतं. शेवटी थोरल्याने मला हातगाडीवर चढवलं आणि तिथे नेलं.

धाकटा हात पुसत बाहेर आला. "बोला, काय काम आहे?"

आयुष्यभर त्याने थोरल्याला 'तू' म्हटलं होतं. थोरल्याने गाडीचा दांडा घट्ट धरला. "मशीन जरा बघ."

"बसा तिकडे. वेळ लागेल."

थोरला बाकावर बसला. धाकट्याने प्लगची वायर काढली, कार्बोरेटर उघडला, त्यातला जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, फुंकून साफ केला. परक्याचं काम करावं तसं नीट आणि मुकाट्याने. झाकण हातात आल्यावर त्याने भोकातून उजेड बघितला.

"तेच बुजलं होतं. पेट्रोल चांगलं होतं," थोरला म्हणाला.

"वहिनीनं कळवलं."

"मी सगळ्यांसमोर सांगितलं."

"बरं केलंत."

"तुला मात्र आधी विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं."

धाकट्याने मला कुशीवर कलंडवलं आणि पात्याचा बोल्ट सैल करायला घेतला. गंजलेला बोल्ट हलेना, आणि पातं सोबत फिरू लागलं. पाना दोनदा निसटला, बोटाचं सालटं निघालं.

"दादा, बघत काय बसलास?" तो वैतागून म्हणाला. "तो लाकडाचा ठोकळा लाव आणि पातं धर."

थोरला धावतच आला आणि गुडघे टेकून पातं धरून बसला.

धाकटा इस्पितळात परतला नाही. धक्क्यावरच त्याचं बस्तान बसलं. पण सुट्टीच्या दिवशी तो जेवायला येतो आणि माझा प्लग बघून जातो.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र बंद पडलं, तर त्याचा प्लग बघा, जाळी बघा, झाकणाचं भोक बघा. नुसतं वरून पुसणं म्हणजे निगा नव्हे. आणि सगळं बघूनही काही सापडलं नाही, आणि नजर घरातल्याच कोणावर जाऊन थांबली, तर थोडं थांबा. पुन्हा एकदा झाकण उघडून बघा. यंत्राचा बोल्ट पान्याने सुटतो. माणसाच्या बाबतीत तो सुटेलच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.