फील्ड टेस्टचा रविवार

प्रोजेक्टची कल्पना मुळात नयनच्या आजाची. काळुरामआजानं चाळीस वर्षं खाडीकाठच्या मिठागरात काढली होती. पाण्याचा थेंब जिभेवर टेकवून तो त्याचा खारटपणा थेट डिग्रीत सांगायचा. तेच काम करणारं यंत्र नयन, क्षिप्रा आणि सर्वेशनं फायनल इयरला बनवायला घेतलं. शेवटी मिठागरावर जाऊन यंत्र आणि आजाची जीभ यांचा सामना लावायचा, असंही ठरलं. सर खूश झाले. आजा तर हवेतच होता.

सबमिशनला चार दिवस उरले तेव्हा मात्र तिघांचं धाबं दणाणलं. वर्तकनगरला क्षिप्राच्या घरी बसून त्यांनी कामांची यादी नव्यानं लावली. यंत्र बंद न पडणं पहिलं. ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या पुठ्ठ्यातला तो जाडजूड अहवाल, दुसरं.

"फील्ड टेस्टला मार्क किती?" क्षिप्रानं विचारलं.

"झीरो. पण टेबल भरायला रीडिंग्ज लागतील, भाई," सर्वेश म्हणाला.

"टेस्ट कट करा," नयनच म्हणाला. "रीडिंग्जचं मी बघतो."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याला निदान चिडता तरी आलं असतं.

रविवारी डोंबिवलीच्या घरात आजा सकाळी सातपासून तयार बसलेला. दाढी केलेली, टोपी धुतलेली, मांडीवर छत्री. मिठागर सुटून अकरा वर्षं झाली होती. गुडघे गेल्यापासून त्याला तिकडे न्यायचं कुणी नाव काढत नव्हतं, आणि आठवडाभर तो सगळ्या आळीला सांगत सुटला होता, की नातू नेतोय. नयनला त्याच्याकडे बघवेना. पण वेळ आणायचा कुठून? त्यानं यंत्र आणि तीन बाटल्या पुढे ठेवल्या.

"आजा, ऊन बघ किती आहे. मीच पहाटे जाऊन पाणी घेऊन आलो."

बाटल्यांतलं मीठ आईच्या डब्यातलं होतं.

आजानं थेंब जिभेवर टेकवला. "बारा." मग दुसरा. "अठरा." तिसऱ्याला त्यानं डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. "बावीस." यंत्रही तेच सांगत होतं. नयननं भराभर लिहून घेतलं.

"आकडं बरोबर हाईत," आजा म्हणाला. "पन हें पानी खाडीचा नाय, पोरा. पुड्यातला मीठ हाय."

नयनचं पेन थांबलं.

"काम अडलंय ना तुजा? लिव, लिव. मी नाय कोनाला सांगत." आजानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "फकस्त एक खरा सांग. मना नेला नाय, म्हंजे... मिठागर हाय ना रं अजून?"

नयनला ते ठाऊकच नव्हतं. बघायला तो गेला होता कुठे? लहानपणी आजाच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या मिठाच्या पांढऱ्या राशी त्याला आठवल्या. त्यानं वहीतलं पान फाडलं, ग्रुपवर 'टेबल उद्या' एवढंच टाकलं आणि टोपी उचलून आजाच्या डोक्यावर घातली.

"चल," तो म्हणाला. "दोघं जाऊन बघू."