कमाई ती कमाई

थोरल्या सुनेने नोटा टेबलावर ठेवल्या, पण त्यांच्यावरचा हात उचलला नाही.

सासूने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. पगाराच्या रविवारी जेवणाआधी कमावत्याने निम्मी कमाई आईच्या हातावर ठेवायची आणि मगच ताटावर बसायचं, ही त्या घराची रीत. घर त्यावर चालायचं आणि ताठ मानेने चालायचं. गल्लीत कुणाच्या दारात वाटी घेऊन जायची वेळ या घरावर कधी आली नव्हती, आणि म्हातारी ते दर आठ दिवसांनी कुणाला ना कुणाला ऐकवायची.

"हात चिकटला का गं?" ती म्हणाली.

सून हसली नाही. ती बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सुट्टीच्या दिवशीही उभी राहिली होती, पायाला सूज होती. त्या ओव्हरटाइमवर कारखान्याने आधीच कर कापून घेतला होता आणि उरलेल्यातले निम्मे आता इथे जाणार होते. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते दिराबद्दल. धाकटा मोठ्या हॉटेलात वेटर. पगारातले निम्मे तो देई, टिपांना मात्र कधी कुणी हात लावला नव्हता. आणि आता तर टिपांवर कर नाही, असं सरकारनेच जाहीर केलं होतं.

"भाऊजींना तिथेही माफी आणि इथेही माफी," ती सावकाश म्हणाली. "मग माझ्याच घामाला काय सोनं लागलंय, दोन्हीकडून खरवडायला? टिपा मोजायच्या नसतील तर पुढच्या महिन्यापासून आमची चूल वेगळी."

थोरला खिडकीबाहेर बघू लागला. बायको बोलली की बाहेर बघायचं, हे तो लग्नाच्या वर्षीच शिकला होता.

धाकटा दारात बूट पुसत बसला होता. काळ्या जाकिटामुळे घरात त्याला सगळे साहेब म्हणत आणि तोही ते नाव मिरवी. अमक्या पाहुण्याने नोट कशी खिशात कोंबली, तमकीने उठताना पर्सच कशी उलटी केली, असल्या हकिगती तो जेवताना रंगवून सांगे. आता मात्र त्याने मान वर केली नाही. टीप म्हणजे पगार नव्हे वहिनी, ती लोकांची खुशी, खूश झाले तर देतात, बक्षीस आहे ते, त्याचा कसला आलाय हिशोब, असं काहीबाही तो बुटाकडे बघूनच बोलत राहिला. शेवटी म्हणाला, सरकारलासुद्धा हे कळलं.

"सरकारच्या घरात दोन सुना आणायच्या नाहीत," म्हातारी म्हणाली. "मला एक आणायची राहिलीय. ती आल्यावर हिने तिला काय सांगायचं? तुझा नवरा बक्षिसावर आहे म्हणून?"

त्याने पुसलेला बूट खाली ठेवला आणि दुसरा हातात घेतला.

"बक्षीस शाळेतल्या पोरांना मिळतं, साहेब. तू दिवसभर पायावर उभा असतोस. गरम ते गरम नेतोस, लोकांचं उष्टं हसऱ्या तोंडाने उचलतोस. त्याचे पैसे देतात. उपकार नाही करत. माझ्या घरात फुकटचं कुणी खात नाही, आणि फुकटचं कुणी आणतही नाही. कमाई ती कमाई. आण."

"आई, या महिन्याचं राहू दे."

"आण म्हटलं ना. आणि मला नको देऊ. जिने मागितलंय तिच्या हातावर ठेव."

तो उठला. खुंटीवरच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून त्याने घडी घातलेला रुमाल काढला, वहिनीसमोर आला आणि तिच्या हातावर ठेवताच एकदम पाठमोरा झाला.

रुमाल हातात येताच तिला कळलं. तरी तिने तो उलगडला. थोडी चिल्लर होती. एक नोट, तीही जुनी, मऊ पडलेली. बस्स. हल्ली लोक टेबलावर बसल्या बसल्या फोनने बिल भरतात आणि खिशात हात न घालता उठून जातात, हे तिने कारखान्यातल्या बायकांकडून ऐकलं होतं. ते या घरापर्यंत आलं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

म्हातारी पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघत होती. वाफ केव्हाच विरली होती, तरी बघत होती.

धाकट्याची मान मागून लाल झाली होती.

राहू द्या भाऊजी, हे शब्द सुनेच्या ओठांवर आले. तिने ते गिळले. पदराला हात पुसला आणि टेबलावरच हिशोब केला, चोख. निम्मे रुमालात परत बांधले. निम्मे आपल्या नोटांच्या घडीत आत सरकवले, नाण्याचा आवाज होऊ न देता. मग ती सगळी घडी एकत्र सासूच्या हातावर ठेवली.

"जुळलं का?" थोरल्याने खिडकीतूनच विचारलं. "किती निघाले याचे?"

म्हातारीने झाकण ठेवलं, पण वळली नाही.

"माझ्या ओव्हरटाइमच्या तोडीस तोड," सून म्हणाली. "उगाच नाही साहेब म्हणत."

थोरल्याने धाकट्याकडे पाहून जीभ टाळ्याला लावून टक्कन वाजवली, कौतुकाने.

म्हातारीने घडी न उघडता कनवटीला लावली आणि पदर सारखा केला. कुठली राणी दरबारात बसताना करील, तसा. थोरलीला तिने जवळची खुर्ची पायाने ओढून दिली. आजवर त्या घरात सुना वाढून झाल्यावर बसत.

"बस," ती म्हणाली. "आज मी वाढते."

धाकटा वहिनीच्या शेजारी येऊन बसला. तिने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. त्याने आधी तिचा पेला भरला, काठापर्यंत, एक थेंबही न सांडता, हॉटेलात भरतात तसा.