कोर्टात ठेवलेला फोटो

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी रोज चढतो, पगारासाठी. पालघरच्या कोर्टात मी दप्तरखान्याचा कारकून. लोकांची भांडणं फडक्यात बांधून फळीवर ठेवायची, हे माझं काम.

अडुसष्टच्या मे महिन्यात किनाऱ्यावरच्या मुरब्याची रखमा कोळीण आली. आल्या आल्या म्हणाली, "भाऊ, माजा फोटू द्या. पोरीचं लगीन हाय. मांडवात बापाला बसवायचाय."

तिचा नवरा देवू अठरा वर्षांपूर्वी समुद्रात गेला, प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. मुलगी नलू तेव्हा पोटात होती. वर्ष उलटायच्या आत दीर पंढरीने होडी आपलीच म्हणून दावा लावला. रखमाकडे कागद कसला? एक फोटो होता, नवी होडी पाण्यात लोटायच्या दिवशी काढलेला. त्यांच्यात नव्या होडीवर नारळ मालकानेच फोडायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. फोटोत नारळ देवूच्या हातात होता. वकिलाने तो पुरावा म्हणून दाखल केला आणि त्याच्या जोरावर बाई जिंकली. एवढं तिनेच सांगितलं.

"मग निकाल लागला तेव्हाच का नाही नेलात?" मी खेकसलो.

"वकील बोलला होता, घेऊन जा म्हनून. मीच नाय नेला. आमच्या घरात खारी हवा, भाऊ. भितीवरचा देव पन दोन पावसात बुरसतो. म्हटलं, सरकारच्या कपाटात कोरडा रायल."

हे तिने असं सांगितलं, की जणू मोठी हुशारी केली होती. मला नियम ठाऊक होता. निकालानंतर मुदतीत नेला नाही तर पुराव्याचा कागद जाळून टाकतात. आधी बाहेरच्या फळ्यावर नोटीस लावतात. ती शिकलेलेही वाचत नाहीत, तिथे मुरब्याची कोळीण काय वाचणार! नोंदवही काढली. मी इथे बदलून येण्याआधीच फोटो जाळला होता. नोंदीखाली कुणाची तरी झोकदार सही होती. ती पाहून माझं डोकं फिरलं.

तिला सांगितलं. ती रडली नाही. "जाळला?" एवढंच दोनदा विचारलं.

निकालपत्र मात्र सांभाळून ठेवतात. ते शोधून काढलं. न्यायाधीशांनी त्यात फोटोचं वर्णन इंग्रजीत लिहिलं होतं. मी मराठीत करून सांगितलं, "देवू होडीच्या पुढच्या टोकाशी उभा आहे. हातात नारळ आहे. मागे पंढरी दोर धरून उभा आहे."

"तोंडाचं काय लिवलंय?"

"तोंडाचं काही नाही."

"परत बगा ना. हसतो का, कसा, कायतरी असंल."

मी पुन्हा वाचलं. नारळ कुणाच्या हातात, एवढंच कोर्टाला हवं होतं.

"अहो, फोटो नसला म्हणून काय झालं?" मी उगाच धीर द्यायला गेलो. "बाप कसा दिसायचा ते नलूला तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

रखमाने पदर तोंडाला लावला.

"पोरीचं निमित्त केलं, भाऊ," ती म्हणाली. "आताशा त्याचं तोंड माज्याच ध्यानात येत नाय. मलाच बगायचं होतं त्याला."